मागची दोन चाकं

डॉक्टर रेणुकादास यांनी सत्यशीलाला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. त्यांच्या लाल स्पोर्ट्स कारची मागची दोन अस्सल चाकं परत मिळाली नाहीत, तर ते पोलीस ठाण्याची पायरी चढणार होते.

सत्यशीला हदगावची. नांदेडला तिनं नुकतंच टायरचं दुकान टाकलं होतं. सकाळीच ती खासगी गुप्तहेर विशाखासमोर येऊन बसली, तेव्हा ती निर्दोष आहे, हे केरबांनी मनोमन ठरवूनही टाकलं. केरबा म्हणजे निवृत्त हवालदार आणि विशाखाचे साथीदार. उभी हयात पोलिसांत गेली, तरी चेहरा बघून निकाल द्यायची त्यांची खोड काही गेली नव्हती.

"डॉक्टरसायबांनी टायर बदलायला गाडी दिली," सत्यशीला म्हणाली. "मी टायर बदलले, चाकं तीच बसवली. आता म्हणून राहिले, डुप्लिकेट घातली. लोक दुकानासमोरून माघारी जाऊन राहिले, ताई. एकदा चोर म्हणल्यावर कोण येतंय?"

"डुप्लिकेट आहेत, हे ओळखलं कुणी?"

"लातूरचे बसवराज हायत, डॉक्टरांचे दोस्त. त्यांच्याकडं बी अशीच गाडी हाय."

डॉक्टरांच्या अंगणात गाडी जॅकवर होती. पुढचं एक आणि मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली.

"नक्षी हुबेहूब," डॉक्टर म्हणाले. "पण आतल्या बाजूला नावं बघा. पुढच्यावर एका कारखान्याचं, मागच्यांवर दुसऱ्याचंच. बसवराज म्हणतो, कंपनी चारही चाकं एकाच कारखान्यातून घेते."

केरबांनी चाकं उचलून पाहिली. मागचं रुंद, तरी पुढच्यापेक्षा हलकं. "हलका माल," त्यांनी निकाल देऊन टाकला आणि लगेच सत्यशीलाची आठवण येऊन त्यांना वाईट वाटलं.

ओट्यावर डॉक्टरांच्या आई, नागाबाई, वाती वळत होत्या. विशाखा त्यांच्याजवळ टेकली.

"गाडीची पूजा तुम्हीच करता का, आजी?"

"कुठली पूजा, माय. शोरूममधून गाडी आली त्या दिशी केली तेवढीच. खंडोबाचा भंडारा तेलात कालवला अन् चारी चाकांच्या मधी चांगला थापला. तर ह्यो लई बोलला मला. रंग जाईल म्हणे. समदं पुसून काढलं. तवापासून म्या हात लावला न्हाई."

डॉक्टरांनी मान दुसरीकडे वळवली.

दुपारी विशाखा आणि केरबा लातूरला पोचले. बसवराजनं आगतस्वागत झकास केलं. त्याची तसलीच गाडी शेडमध्ये कापडाखाली होती. पुढच्या बाजूनं चाक दिसत होतं. मागं कापडाखालून विटांचा थर डोकावत होता. टायर खराब होऊ नयेत म्हणून मंडळी गाडी अशी उचलून ठेवतात, असं केरबांनी मनाशी ठरवलं.

"डॉक्टरांच्या त्या खोट्या चाकांचं काय करायचं?" विशाखानं विचारलं.

"मी घेऊन जाईन. भंगारात घालतो आणि त्यांना अस्सल जोडी मागवून देतो. मैत्री आहे शेवटी. चला, तुमच्याबरोबरच येतो."

दिवस मावळायच्या आत सगळे अंगणात जमले. सत्यशीला फाटकाजवळच उभी राहिली.

"केरबाकाका," विशाखा म्हणाली, "नकली माल करणारा साच्यात धातू ओततो, कारण ते स्वस्त पडतं. तशी चाकं जड होतात. दाबून घडवलेलं चाक हलकं आणि मजबूत, पण महाग. मग नकली चाक अस्सलपेक्षा हलकं कसं निघेल?"

केरबांनी मागचं चाक पुन्हा तोलून पाहिलं.

तिनं मागच्या चाकाचं मधलं झाकण उचकटलं. आत, उजेड कधी पोचला नव्हता तिथं, धातूला पिवळा तेलकट थर चिकटला होता. दुसऱ्यातही तसाच.

"आजींनी भंडारा लावला तो फक्त गाडी आली त्या दिवशी. डॉक्टर, तुम्ही बाहेरचा पुसलात, फटीतून आत गेलेला राहिला. म्हणजे ही चाकं गाडीबरोबरच आली. कंपनीनं पुढची एका कारखान्याकडून घेतली, मागची रुंद दुसऱ्याकडून घडवून घेतली. चाकं कुणी बदललेलीच नाहीत."

"मग बसवराज..."

"त्यांची गाडी मागच्या बाजूनं विटांवर आहे. टायर जपायचे असते, तर पुढूनही उचलली असती. त्यांना मागची जोडी हवी होती आणि भंगार म्हणून ती फुकट मिळणार होती. घरी तशीच गाडी असून मागच्या चाकांवरचं नाव त्यांना ठाऊक नसेल?"

"खड्ड्यात दोन्ही तडकली," बसवराज शेवटी म्हणाला. "हे मॉडेल बंद झालंय. कुठंच मिळेनात. ह्या बाईचं एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"विचार तरी केलास का?" डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "मीही नाही केला." ते फाटकापर्यंत चालत गेले. "सत्यशीलाताई, मी चुकलो. माफ करा."

"इथं अंगणात म्हणून काय फायदा, साहेब? चोर तर तुम्ही भर रस्त्यावर म्हणलात."

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी लाल गाडी सत्यशीलाच्या दुकानासमोर थांबली. डॉक्टर उतरले आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपली चूक सांगितली. समोरच्या पानटपरीवरची माणसं उठून पुढं आली. केरबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मग डॉक्टरांनी किल्ली पुढं केली. "चारही चाकं एकदा तपासून द्याल का?"

सत्यशीलानं किल्ली घेतली नाही. डॉक्टर बोलत असतानाच येऊन लागलेल्या ऑटोखाली तिनं जॅक सरकवला.

"देते की," ती म्हणाली. "बसा. ह्यांचा नंबर आधी हाय."