सरनोबत सरांचा मफलर

ही गोष्ट खरी आहे.

असं म्हटलं की ऐकणारा सावरून बसतो आणि मनात म्हणतो, आता हा थापा मारणार. माझी हरकत नाही. पण ही गोष्ट माझ्या मावसभावाच्या घरात घडली आणि त्यातला महत्त्वाचा भाग सांगणारी माझी मावशी आहे. बयाबाई मावशीला खोटं बोलता येत नाही. घरातली ती सगळी कला तिच्या मुलाकडे, आकारामकडे गेली.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, अमावस्या लागते, हे मला ठाऊक आहे. इथे दोन्ही नाहीत.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार. सांगलीत, कुपवाड रस्त्यावरचं घर. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन.

घरात मावशी एकटी होती...

निदान असायला हवी होती.

पण आधी ग्रुपचं सांगतो. सगळं तिथून सुरू झालं.

आकाराम कुपवाडच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. लेथवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, माप लावायचं, केसाएवढा फरक निघाला तरी लाल रंग फासून बाजूला टाकायचा. पंचवीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका लाल करत आलाय. उरलेल्या वेळात तो य. ना. सरनोबतांचा भक्त.

सरनोबत साताऱ्याचे. रहस्यकथा लिहायचे. शंभराच्या वर पुस्तकं, सगळ्यांत नायक एकच, कॅप्टन शितोळे. आणि सगळ्यांच्या पाठीवर फोटोही एकच. जाड चष्मा, गळ्यात तपकिरी मफलर. ऐन मे महिन्यात निघालेल्या पुस्तकावरही मफलर. त्यांची ‘सव्वातीनची एसटी’ आकारामनं अकरा वेळा वाचली होती. खुनी कोण ते पहिल्याच वेळी कळलेलं असूनही.

अशा दोनशे चौदा माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. अ‍ॅडमिन हंबीरराव, औंधचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शितोळ्यांवर वेब सिरीज निघाली तर शितोळे कुणी व्हायचं, या विषयावर ग्रुपमध्ये दोन वर्षं भांडण चाललं होतं. सिरीज कुणी काढणार नव्हतं, पण म्हणून काय झालं? मिरजेची प्रियंका म्हणायची, आजच्या हिरोंना मिशी चिकटवावी लागते, त्यांना घेऊ नका. त्यावरून दोघे ग्रुप सोडून गेले. एकाला हंबीररावांनी समजूत घालून परत आणला.

ग्रुपमध्ये एक नंबर असा होता की त्याला नाव नाही, फोटो नाही. दोन वर्षांत एक अक्षर नाही. तो फक्त वाचायचा.

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी हंबीररावांनी पेपरात चार ओळी वाचल्या. ‘सरनोबत यांचे निधन’. आद्याक्षरं बघायची राहिली. चहा गार होईल म्हणून थांबले नाहीत. लगेच ग्रुपवर हार घातलेला फोटो, खाली समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आठ वाजून दहा मिनिटं.

मराठी माणूस वारला की त्याच्याशी आपली ओळख एकदम वाढते. साडेआठपर्यंत एकाला सरांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलेलं निघालं. दुसऱ्याच्या काकांवरून त्यांनी शितोळे बेतलेला निघाला. आकाराम मोबाईल हातात धरून बसला. त्यानं सरांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि त्यानं लिहिलं.

‘सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सर काही कामानं सांगलीत आले होते. दुपारी सव्वातीनला आमच्या गरिबाघरी पाय लागले. आईच्या हातचं पिठलं, दोन भाकरी. ठेचा मागून घेतला. जाताना मफलर खुंटीवर विसरले. परत करायला गेलो तर म्हणाले, राहू दे, पुन्हा येईन. आता कोण येणार? मफलर अजून खुंटीवर आहे.’

एकशे बारा जणांनी हात जोडले. प्रियंकानं रडका चेहरा टाकला.

बायकोनं, मायानं, ते वाचलं. “सर आपल्याकडं आलेले?”

“व्हय.”

“मग मी कुठं होते?”

“माहेरी.”

“मोठी माणसं आली की मी बरी माहेरी असते!” असं म्हणून ती डबा भरायला गेली.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तो नाव नसलेला नंबर दोन वर्षांत पहिल्यांदा बोलला.

‘नमस्कार. मी संयोगिता, सरनोबतांची मुलगी. हा बाबांचाच फोन आहे. बाबा आत्ताच नाश्ता करून बसलेत. तुमचे सगळे मेसेज मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी सर्वांना नमस्कार सांगितला आहे.’

ग्रुपमध्ये पळापळ झाली. जो तो आपला मेसेज पुसायला लागला. हंबीररावांनी घाईघाईत लिहिलं, ‘सर हयात असल्याची बातमी अत्यंत आकस्मिक आहे.’ आकारामनंही आपला मजकूर पुसला. पण ज्यानं ऐकायचा त्यानं तो ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी फोन आला. संयोगिताताईंचा.

“आकारामजी, तो मफलर माझ्या आईनं विणलेला. आई गेली त्याच वर्षी हरवला. बाबांना आताशा फारसं आठवत नाही हो. पण तुमचं वाचल्यापासून सारखं म्हणतात, सांगलीला राहिलाय, सांगलीला राहिलाय. पाठवाल का?”

इथे एक वाक्य पुरलं असतं. ‘ताई, मी खोटं लिहिलं.’ चारच शब्द.

“शोधतो की,” आकाराम म्हणाला. “म्हणजे... आहेच. पाठवतो.”

“तुमच्याकडची दुपार त्यांना अगदी लख्ख आठवते. ठेचा आठवतो. तुमच्या आईंचा डावा हात भाजला होता ना? फडकं बांधलेलं होतं म्हणाले.”

आकारामनं आपलं लिहिलेलं मनात पुन्हा वाचून पाहिलं.

फडक्याचं त्यानं लिहिलंच नव्हतं.

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. मावशी भाजी निवडत होती. डावा हात धडधाकट. फडकं नाही, डाग नाही.

त्याला बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाचा भ्रम, दुसरं काय!

त्यानंतर ताईंचे तीन फोन आले. “बाबांचं जेवण कमी झालंय.” “बाबा दाराकडं बघत असतात.” “निघाला का हो मफलर?” आकाराम दर वेळी कुरिअरवाल्याला शिव्या देत होता. कुरिअरवाला बिचारा यात कुठेच नव्हता.

शेवटी त्यानं सांगलीच्या बाजारातून एक तपकिरी मफलर विकत आणला. मशीनवरचा, गुळगुळीत. मायानं विचारलं तर म्हणाला, थंडी हाय. रविवारी दुकानाची चिठ्ठी काढू, दोनदा धुऊ, उन्हात टाकू, म्हणजे जुना दिसेल असा बेत होता. तोवर खुंटीवर अडकवला. दुसऱ्याच्या चुका केसानं मोजणारा माणूस एका म्हाताऱ्याला फसवायला मफलर जुना करणार होता. त्याला हे दिसत होतं. दिसूनही त्यानं खुंटी जरा उजेडातली निवडली, रंग लवकर उडावा म्हणून.

रविवार यायच्या आधी गुरुवार आला.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोबाईल उघडला. हंबीररावांचा मेसेज होता. ‘आज सकाळी दहा चाळीसला सर गेले. मुलीशी स्वतः बोलून खात्री केली आहे.’ या वेळी कुणी आठवणी लिहिल्या नाहीत. नुसते जोडलेले हात, एकाखाली एक.

आकारामला पहिल्यांदा काय वाटलं, ते त्यानं मला मान खाली घालून सांगितलं.

सुटलो. असं वाटलं.

संध्याकाळी तो घरी आला. माया कामावरून अजून यायची होती. मावशी मोरीत ताट घासत होती.

दोन ताटं.

“कोण आलं होतं, आई?”

“पावनं यिऊन गेलं की! तुजंच. साताऱ्याचं.”

“साताऱ्याचं... कोण?”

“नाव काय मी इचारलं न्हाई बा. म्हातारं हुतं. जाड भिंगाचा चष्मा. म्हनलं, आकारामनं बोलावलंय. मग बसा म्हनलं. पिठलं हुतंच. दोन भाकरी खाल्ल्या. ठेचा मागून घेतला. लय आवडीनं खाल्लं बग.”

“किती वाजता?”

“शाळा सुटायच्या जरा आदी. तीन वाजून गेलं हुतं.”

आकाराम मोरीशी जाऊन उभा राहिला.

“आई... तुजा हात...”

मावशीनं डावा हात वर केला. मनगटाला फडकं होतं.

“सकाळी तवा लागला रं. तेनंबी इचारलं. म्हनलं, अजून बरा न्हाई का झाला?”

अजून.

आकारामनं खुंटीकडे पाहिलं.

खुंटी रिकामी होती.

“आन् त्यो मफलर दिला मी तेनला,” मावशी म्हणाली. “सोताचा असल्यागत घेतला. गळ्याभवती गुंडाळला आन् गेलं. उनात मफलर! म्हाताऱ्या मानसाला थंडी लय वाजती गड्या.”

तिसऱ्या दिवशी आकाराम एसटीनं साताऱ्याला गेला. वाटेत त्यानं एक वाक्य पाठ केलं. चारच शब्दांचं.

समोरच्या खोलीत सतरंजी. भिंतीवर तोच फोटो, आता खरा हार. संयोगिताताई पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी त्याला पाणी दिलं.

“ताई, मी खोटं लिहिलं,” आकाराम म्हणाला. “सर आमच्याकडं कधी आले नव्हते. मफलर माझ्याकडं कधीच नव्हता.”

आत कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे बाबा दोन आठवडे जी वाट बघत होते...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आकाराम म्हणतो. त्या उठल्या आणि चहा घेऊन आल्या. त्यात साखर बरोबर होती.

मग त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली.

“मग हा कुणाचा?”

तपकिरी मफलर. मशीनवरचा. कोपऱ्याला सांगलीच्या दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.

“भाऊ पुण्याहून यायचा होता, म्हणून बाबांना इथंच ठेवलं होतं. खोलीत दहा माणसं. चारच्या सुमाराला मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तर हा बाबांच्या गळ्यात. कुणी घातला, कुणालाच सांगता येईना. चिठ्ठी बघून मला वाटलं, तुम्ही कुणाबरोबर तरी पाठवलात. कोण घेऊन आलं, आकारामजी?”

आकारामनं तोंड उघडलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सरांची एक खरी आठवण होती. सर त्याच्या घरी आले होते. त्याच्या आईच्या हातचं जेवले होते. सांगण्यासारखी, ग्रुपमधल्या दोनशे तेरा जणांना गप्प करणारी आठवण.

आणि दोनच मिनिटांपूर्वी त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की तो खोटारडा आहे.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

हेही खोटंच होतं.

दारापर्यंत पोचवायला आलेल्या ताई हळूच म्हणाल्या, “अजून एक आहे. भावालाही मी सांगितलं नाही. आठ दिवस बाबांच्या पोटात अन्न नव्हतं. पण आंघोळ घालताना बघितलं... उजव्या हाताची बोटं पिवळी होती. हळदीनं. साबणानंही गेली नाही.”

सांगलीला परत येईस्तोवर आकाराम खिडकीबाहेर बघत राहिला. घरी मावशी जागीच होती.

“आरं, त्या दिशी एक सांगायचं ऱ्हायलंच,” ती म्हणाली. “जाताना त्ये पावनं दारात थांबलं. म्हनलं, अजून एक वस्तू ऱ्हायलीया माजी हितं. परत येतो न्यायला.”

“कुठली वस्तू?”

“मीबी तेच इचारलं. तर हासलं. म्हनलं, त्ये तुमचा पोरगा लिवील की.”

तेव्हापासून आकारामनं ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. ग्रुप सोडत नाही, कारण सोडला तर हंबीरराव ‘का’ म्हणून विचारतील आणि उत्तर लिहावं लागेल. आता ग्रुपमध्ये फक्त वाचणारा तो आहे.

ही गोष्ट लिहू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “लिव. माजी लाज हाय, सगळ्यांना कळू दे. फकस्त मफलर सोडून सरांची म्हनून दुसरी कुठली वस्तू आमच्या घरात ठिवू नगंस.”

मी ठेवलेली नाही. लिहून झाल्यावर दोनदा तपासून पाहिलं. दोन ताटं आहेत, पण ती मावशीची.

दोन्ही मावशीचीच असावीत.

गुरुवारी मावशी अजून दोन भाकरी जास्त टाकते. आकाराम नको म्हणतो. ती ऐकत नाही.

“पावनं येतो म्हनून गेलंय,” म्हणते. “तुज्यासारकं न्हाई त्ये. बोलल्यालं करतंय.”