समोरची खुर्ची

आमच्या नाट्यशाळेत पहिलं वर्षभर नाटकातलं एकही वाक्य कुणाला बोलू देत नसत. दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एकानं समोरच्यात जे दिसतं ते म्हणायचं, "तुझ्या शर्टवर डाग आहे." दुसऱ्यानं ते अंगावर घेऊन म्हणायचं, "माझ्या शर्टवर डाग आहे." मग पुन्हा तेच, डोकं बधिर होईपर्यंत. नियम दोनच. दिसतं तेवढंच बोलायचं, आणि समोरचा आपल्याबद्दल जे म्हणेल ते नाकारायचं नाही. नाकारलं की आमच्या शिक्षिका, रस्कबाई, हातातली पेन्सिल टेबलावर आपटायच्या. म्हणजे उठा.

शिकागोत एका गाद्यांच्या दुकानाच्या वर ही शाळा. खिडकीला खेटून पुलावरची रेल्वे जायची, तेवढा वेळ सगळे तोंडं मिटून बसायचे. हिवाळाभर हीटर फुसफुसायचा आणि तरी पायांना थंडी वाजायची.

दुसऱ्या वर्षाला निम्म्याच जणांना बोलावतात. त्यांचा शेवटी प्रयोग होतो, एजंट बघायला येतात, तिथून कामं मिळतात. उरलेल्यांनी हॉटेलात पॅनकेक वाढायचे, आणि ते तर मी रोज सकाळी वाढतच होते. बाबा रॉकफर्डच्या इस्पितळात नर्स आहेत. मी नर्सिंग अर्ध्यात सोडलं तेव्हा म्हणाले, "एक वर्ष देतो, लोर्ना. नाही निभावलं तर मुकाट्यानं परत वर्गात बसायचं." आणि सवयीनं माझं मनगट धरलं. त्यांची माया अशीच, नाडी बघून झाली की संपली. मला परत जायचं नव्हतं. काय वाट्टेल ते झालं तरी दुसरं वर्ष हवं होतं.

जानेवारीत वर्गातल्या ॲन्सेलला चिप्सची जाहिरात मिळाली आणि तो शाळा सोडून गेला. जोड्या लावताना एक जण उरायला लागला. बाईंच्या वर्गात कुणी नुसतं बघत बसत नाही. उरेल त्यानं रिकाम्या खुर्चीपुढे बसायचं, बोलायचं आणि खुर्चीच्या उत्तरापुरतं थांबायचं.

पहिला डेझमंड बसला. वर्गातला सगळ्यात वाचाळ. पण खुर्चीकडे बघत हळूच पुढे वाकला.

"तुझे केस ओले आहेत," तो म्हणाला. थांबला. "तुझे केस ओले आहेत. गळ्याचं बटण तुटलंय."

"छान," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात प्रिसिलाची पाळी आली. डेझमंड बसला त्या दिवशी ती आणि आणखी एक मुलगी तापानं घरी होत्या. तिनं खुर्चीकडे पाहिलं आणि सांगितलं, केस ओले आहेत, गळ्याचं बटण तुटलंय, ओठ निळे पडलेत.

मी डेझमंडला जिन्यात गाठलं. "तूच पढवलंस ना तिला?"

"मला दुसरे उद्योग नाहीत?"

"मग ॲन्सेलची नक्कल चाललीय का?"

"अगं, ॲन्सेलला काल टीव्हीवर पाहिला. खडखडीत कोरडा, तोंडात चिप्स." तो हसला नाही. "जे दिसतं ते बोलायचं, लोर्ना. मी तेवढंच केलं."

दोघांनी मिळून थट्टा मांडली असणार, अशी मी मनाची समजूत घातली. मग माझी पाळी आली. लाकडी खुर्ची, बैठकीवर चरा. मी डोळे फाडून पाहिलं. कुणी नव्हतं. ओलेपणाचा वास मात्र होता, गार, तळ्याच्या काठाला येतो तसा. खिडकी बंद होती.

"खुर्ची रिकामी आहे," मी म्हणाले. नियमाप्रमाणे थांबले. पुन्हा म्हणाले. पुन्हा थांबले.

पेन्सिल आपटली. "तुला बघताच येत नाही," बाई म्हणाल्या. "असं चाललं तर दुसरं वर्ष विसर."

त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले, उगाच कशाला खोटं बोलू.

एप्रिलमध्ये प्रिसिला कुणाला न सांगता नेब्रास्काला निघून गेली. जोड्या पुन्हा जमल्या. रिकामी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. निवडीच्या दिवशी माझ्यासमोर डेझमंड आला. दुपारचं ऊन थेट माझ्या अंगावर होतं. मला बरं वाटलं. माणूस तरी होता समोर.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुझे केस ओले आहेत."

माझे केस कोरडे होते. सकाळी मीच विंचरले होते. बाईंची पेन्सिल टेबलापासून बोटभर वर होती.

"माझे केस ओले आहेत," मी म्हणाले.

"तुझं गळ्याचं बटण तुटलंय."

"माझं गळ्याचं बटण तुटलंय."

"तुझे ओठ निळे पडलेत."

"माझे ओठ निळे पडलेत."

डेझमंडच्या डोळ्यांत पाणी आलं. नाही म्हण, असं तो नजरेनं विनवत होता. पण दिसलं ते बोलावंच लागतं.

"तू श्वास घेत नाहीयेस."

पेन्सिल वर गेली.

मला दुसरं वर्ष हवं होतं.

"मी श्वास घेत नाहीये," मी म्हणाले. आणि वर्षभरात पहिल्यांदा माझं वाक्य खरं वाटलं. मला स्वतःलासुद्धा.

बाईंनी पेन्सिल हलकेच खाली ठेवली. "याचीच वाट बघत होते," त्या म्हणाल्या.

माझी निवड झाली. डेझमंडचीही झाली होती, पण त्यानं नाही म्हणून कळवलं आणि माझे फोन घेणं बंद केलं.

मे महिन्यात बसनं रॉकफर्डला गेले. लख्ख ऊन. बाबा थांब्यावर उभे होते. मी उतरले तसं त्यांनी आधी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"डोकं पूस, बाई. इतकी कुठे भिजलीस? आणि हे बटण कुठे पाडलंस?"

मी गळ्याशी हात नेला. बटण जागेवर होतं. मी चाचपून पाहिलं, चांगलं घट्ट होतं.

"माझं बटण तुटलंय," मी म्हणाले. तोंडातून आपोआप आलं.

"दुसऱ्या वर्षाचं काय झालं?"

"मिळालं, बाबा."

"शाब्बास." ते हसले आणि सवयीनं माझं मनगट धरलं.

बस निघून गेली. थांब्यावरची माणसंही पांगली. बाबांचं हसू ओठांवर तसंच होतं, आणि त्यांची बोटं माझ्या मनगटावर थोडी वर, थोडी खाली सरकत, अजून शोधत होती.