फोटोमागचं चित्र

ही घटना माझ्यासोबत घडली आहे. हिच्यात माझाच खोटेपणा आहे, त्यामुळे तिखटमीठ लावायला जागा नाही.

वसमतला माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. २०२२च्या उन्हाळ्यात बेबीबाई एक जुनं चित्र फ्रेमला देऊन गेल्या. त्या मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करायच्या. तिथल्या परदेशी सिस्टरने ते त्यांना दिलेलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, काही शे वर्षांपूर्वीचं. काळ्या रेघांत बसलेली मेरी, मांडीवर तिचा मेलेला मुलगा येशू.

"माझं पोरगं सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात गेलं, भाऊ. त्याचा एक बी फोटो न्हाई. मी ह्यालाच बघते."

मी मान हलवली आणि चित्र कोपऱ्यात टाकलं.

पुढे कुरुंद्याचे तातेराव वडिलांचा फोटो घेऊन आले. तेराव्याची घाई. माझा पुठ्ठा संपलेला. हाताला लागलं ते फोटोमागे ठोकलं...

ते बेबीबाईंचं चित्र होतं. मला माहीत होतं.

त्या न्यायला आल्या तेव्हा मी सरळ म्हणालो, "तुमी दिलंच न्हाई, बाई."

त्या भांडल्या नाहीत.

"आसंल," म्हणाल्या आणि गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी गप्प बसलो.

नागपंचमीच्या दुपारी तातेराव फ्रेम घेऊन परत आले.

"ह्याच्यात बाई रडायलीय. घरची घरात ठिवू देईना."

मी हसलो. फ्रेम काउंटरवर आडवी ठेवली...

काचेच्या आत पाणी होतं.

आणि मग... हुंदका. अगदी हळू. फोटोच्या मागून.

तातेराव पायऱ्या उतरून निघूनच गेले. मी खिळे काढले.

चित्र धड होतं. मेरी जागेवर होती. पण तिची मांडी...

मांडी रिकामी होती.

चित्र शर्टात घालून मी बेबीबाईंच्या घरी पळालो. दार उघडंच होतं. त्या भुईवर पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर कोणीच नव्हतं. पण लुगडं वजनाने दबलं होतं... आणि ओलंचिंब होतं.

"बेबीबाई..."

"हळू बोला, भाऊ." त्यांचा हात हवेत थोपटत होता. "आत्ताच झोपलंय."

मी आल्या पावली मागे फिरलो.

बेबीबाई आता चित्र मागत नाहीत. दुकानासमोरून जाताना हसतात. चित्र माझ्याकडेच आहे. परत दिलं तर त्यांचं पोरगं पुन्हा जाईल, असं मी स्वतःला समजावतो.

खरं सांगू? त्यांच्यासमोर खोटं कबूल करायची मला लाज वाटते.