मूठ मिटेपर्यंत

सोनागिरीच्या चौकात ती मोटरसायकल माझ्यासमोर करकचून थांबली, तेव्हा मी गाण्याच्या ऐन मध्यावर होते. कानात इअरफोन, डोळे अर्धे मिटलेले आणि उजवा तळवा हवेत, पुढे.

"थांबवलंत ना मला?" हेल्मेटच्या आतून आवाज आला. विहिरीतून यावा तसा खोल.

"तुम्हाला? मी खर्जवाल्यांना थांबवत होते!"

त्यानं मागे वळून पाहिलं. मागे फक्त पोहे-जलेबीची गाडी होती. "किसको?"

"गाणाऱ्यांना. इथे नाहीयेत ते, माझ्या डोक्यात आहेत. निघा आता. लय तोडलीत माझी."

"अच्छा…" तो म्हणाला. निघाला मात्र नाही, तालीम कुठे असते ते विचारल्याशिवाय.

त्या वर्षी मी सगळ्या जगावर चिडलेली होते. चेन्नईत कंडक्टिंग, म्हणजे हाताच्या खुणांनी समूहगान चालवणं, शिकले, मुंबईत दोन वर्षं दुसऱ्यांच्या स्वरलिपीची पानं उलटली, ऑपेराच्या तीन कंपन्यांकडून नकाराचे 'आपले आभार' घेतले आणि घरी, भोपाळला परत आले. चौथा अर्ज बाकी होता. दूरच्या शहरातली सहायक कंडक्टरची जागा. अट एकच — स्वतः बसवलेल्या समूहगानाचं दहा मिनिटांचं चित्रीकरण, एका दमात, कुठेही न कापता. म्हणून मी महाराष्ट्र मंडळातले बावीस काका-काकू गोळा केले होते. इथल्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका आणि त्यांना डबे देऊन निवृत्त झालेल्या काकू. खर्जात मात्र कोणी नव्हतं.

चौकातल्या भेटीच्याच संध्याकाळी तालमीला तेविसावा आला. हातात हेल्मेट. "मी गौरांग. तुमच्या डोक्यातला."

गायचा छान. कारखान्यात अजून नोकरीला असलेला आमच्यातला तो एकटाच. खोड एकच होती. मी मूठ मिटली की सूर संपला पाहिजे, आधी नाही, नंतर नाही. बावीस जण थांबायचे आणि मागच्या रांगेतून एक सूर तसाच तरंगत राहायचा.

"गौरांग! मूठ दिसत नाही तुला?"

"दिसते ना."

"मग?"

"सोडवत नाही, यार…"

काकू खोकायच्या. मी लाल व्हायचे. रागानं — असं मी सगळ्यांना सांगत होते.

शनिवारी चित्रीकरण. सोमवारी अर्जाची मुदत संपत होती. मंडळाचा हॉल कारखान्याच्या भिंतीला लागून, म्हणून मी आदल्या दिवशी गौरांगला विचारलं होतं, "भोंगा साडेपाचलाच होतो ना?" तो "हं" म्हणाला होता. भोंग्याचं काम त्याच्याच खात्याकडे. मी निश्चिंत झाले.

नऊ मिनिटं सुरेख गेली. बरोबर पाच वाजता भोंगा झाला.

भोंगा एक वेळ मी सहन केला असता. पण बावीसच्या बावीस जणांनी एकदम मनगटावरची घड्याळं पाहिली! पस्तीस वर्षांची सवय. लीलाकाकूंनी तर चहा टाकायला निघाल्यासारखा पदर खोचला. गाणं तिथेच बसलं, आणि त्या दिवशी पुन्हा गायचा दम कोणात उरला नव्हता.

"अरे, आजपासून हिवाळी वेळ दिसतेय," मधुकरकाका म्हणाले. "गौरांग, तुला नव्हतं ठाऊक?"

तो खाली पाहत म्हणाला, "होतं."

मी त्याला ओढतच बाहेर नेलं.

"का?"

"रेकॉर्डिंग झालं असतं तर… तू गेली असतीस."

"मला थांब म्हणायचं होतं, तर तोंडानं म्हणायचं! भोंग्याकडून काय निरोप पाठवतोस?"

"तोंडानं म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही!"

"मग?"

"मग नाही! तेवढं ऐकून घ्यायचं आणि गायचं! सात वर्षं, गौरांग. सात वर्षं मी या दहा मिनिटांसाठी घासलीयेत. आणि तू…" राग आला की मला आधी रडू येतं, त्याचाही राग येतो.

रविवारी दुपारी लीलाकाकूंचा फोन. "जुई, हॉलवर ये बरं. सगळे जमलोत." गौरांग सकाळपासून घरोघर फिरला होता म्हणे. प्रत्येक दारात खरं सांगून माफी मागितली. मधुकरकाकांनी अर्धा तास झाडलं, मग हॉलवर यायला इस्त्री केलेली पँट चढवली.

दारात तो स्टीलचा डबा घेऊन उभा होता. आत सगळ्यांची मिळून तेवीस घड्याळं.

"आज सुट्टी आहे. भोंगा नाही," मी तुटकपणे म्हटलं. "हे कशाला?"

"नजर तुझ्या हातावर राहावी म्हणून."

मी हात वर केला.

ते गायले… देवा, काय गायले! शेवटचा सूर आठ मात्रांचा. आठ झाल्या. माझी मूठ मिटेना. मिटली की गाणं संपणार, अर्ज जाणार, कदाचित मीही. नऊ… दहा… लीलाकाकूंचा चेहरा टोमॅटो झाला. मागच्या रांगेतून गौरांगनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी हलकेच. मिट.

मी मूठ मिटली.

पूर्ण शांतता. मागे काहीच तरंगत राहिलं नाही. पहिल्यांदाच.

कॅमेरा बंद होताच मी तरातरा त्याच्याकडे गेले.

"वेळेवर थांबलास आज."

"शिकलो."

"गधा! आजच शिकायचं होतं?"

तो हसला नाही. "थांब ना, जुई."

"नाही."

"ठीक. तोंडानं म्हटलं, बस."

मी डब्यातून त्याचं घड्याळ शोधलं, माझ्या मनगटावर बांधलं. ढगळ होतं, कोपरापर्यंत घसरलं.

"ए, ते माझं…"

"निवड झाली तर तिकडे येऊन घेऊन जायचं. रजा टाकून. भोंगा घरी ठेवून."

त्याचे डोळे हळूहळू हसायला लागले. "आणि निवड नाही झाली तर?"

"तर," मी त्याच्या शर्टाचं बटण पकडून म्हटलं, "तुझं काही खरं नाही."