मीटरवरची धूळ

"साहेब, माझ्या पोराला, शिवप्रसादला पोलिसांनी नेलंय," गोजरबाई दारातूनच बोलू लागली. "भागवतला त्यानं मारलं न्हाई."

खाजगी अन्वेषक धम्मानंद यांनी सर्व हकिकत शांत चित्ताने ऐकून घेतली. पोखर्णीच्या भागवतचे प्रेत देवगाव फाट्याजवळ रक्ताच्या थारोळ्यात सापडले होते. डोक्यावर घाव होता. शिवप्रसाद फाट्यावरच्याच ढाब्यात कामास असे, आणि शेताच्या बांधाच्या वादावरून त्याने भागवतला चारचौघांत धमकी दिलेली होती.

"पुरावा भक्कम दिसतो," त्यांचा सहकारी पंडित हळूच म्हणाला.

"दिसतो खरा. चला, पोखर्णीला."

भागवतच्या अंगणात त्याची जुनी जीप उभी होती. धाकटा भाऊ बालाजी लिंबाखाली बसला होता.

"जीप कोण चालवतं?" धम्मानंदांनी विचारले.

"आमी दोघं. पण परवा दादा परभणीहून आला, तवापासून ती जागची हलली न्हाई. किल्ली तवापासून माझ्याच करदोड्याला हाय, बघा. दादा फाट्याला कशानं गेला, ते त्या शिवप्रसादलाच इचारा."

धम्मानंदांनी जीपमध्ये डोकावले. मीटरच्या काचेवर धुळीचा जाड थर होता. मात्र कडेचे दोन्ही स्क्रू चमकत होते. धूळ बोटाने पुसल्यावर दिसलेला किलोमीटरचा आकडा पावणेदोनशेच्या थोडा पुढे होता.

"एवढ्या म्हाताऱ्या गाडीला एवढंच?" पंडित हसला. "लाख पुरे करून आकडे पुन्हा शून्यावर आले असतील, अन् मग मीटरनं प्राण सोडला असेल."

"मीटर लय वर्षांपासून बंद हाय," भागवतची विधवा बायनाबाई चौकटीला टेकून म्हणाली. "भाऊजी जीप कुठं कुठं नेतेत, पत्ता लागत न्हाई, म्हणून हे चिडायचे."

"वैनी, पाव्हण्यांला पाणी आणा," बालाजी म्हणाला.

परभणीतील तिसऱ्या गॅरेजात उत्तर मिळाले.

"भागवत आलते की," मेकॅनिक म्हणाला. "मीटरातलं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटलं होतं. ते बदलताना आकड्यांची चाकं निघतात. परत बसवताना आमी समदी शून्यावर लावतो. पण गिऱ्हाईक अजब. काच पुसू दिली न्हाई, उलट खालची धूळ घेऊन वर चोळली. 'घरी कळू देऊ नका,' म्हणले, अन् सरळ गावाकडं गेले."

दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात फौजदारांसमक्ष सर्वांना बसविण्यात आले.

"बालाजी," धम्मानंद म्हणाले, "तुमच्या चोरट्या फेऱ्या मोजता याव्यात म्हणून भावाने मीटर गुपचूप दुरुस्त केले. परभणीत आकडा शून्य होता. तिथून पोखर्णी वीस किलोमीटरसुद्धा नाही. उरलेले दीडशेच्या वरचे अंतर देवगाव फाट्याला जाऊन परत येण्याचे आहे."

"भागवतच गेला असेल," पंडितने शंका काढली.

"मेलेला माणूस जीप परत आणून अंगणात लावीत नाही. किल्ली कोणापाशी होती, हे यांनीच सांगितले. आणि शिवप्रसादवर आळ यावा, म्हणून जागा फाट्याची निवडली."

बालाजीने करदोड्याची किल्ली सोडून पुढे ठेवली.

"शेतात दादानं फेऱ्यांचं इचारलं. माझ्या हातात पाना व्हता, तिथंच हाणला," तो म्हणाला. "मला वाटलं, मीटर बंदच हाय."

फौजदार उठले. "गोजरबाई, चला. ठाण्यातून पोराला घेऊन जा."

गोजरबाईने डोळे पुसले आणि ती लगबगीने फाटकाकडे निघाली.

"भाऊजी," बायनाबाईचा आवाज अगदी खाली होता. "थारोळं तर फाट्यावर झालं. रगत वाहत व्हतं, मंजी तिथवर हे जिते व्हते."

बालाजीने मान वर केली नाही.

"फाट्याचा रस्ता परभणीतूनच जातो. मोठ्या दवाखान्याम्होरून नेलं तुमी यांला."

फाटकापाशी पोहोचलेली गोजरबाई थांबली, माघारी वळली, आणि बायनाबाईला खेटून मातीत बसली.