गाळ निजवताना

सांडपाण्याच्या हौदावर काकूंचा दिवस एका काचेच्या बरणीने सुरू व्हायचा. हौदातलं ढवळलेलं पाणी बरणीत भरायचं, पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवायचं आणि वाट बघत बसायचं. गाळ तळाला बसून वर नितळ पाणी राहिलं, की 'निजला' म्हणायचं. मगच झडप उघडून हौदातलं वरचं पाणी नदीत सोडायचं. 'निजला' हा शब्द त्या कामावरच्या जुन्या माणसांचा.

काकूंच्या लहानपणी नदीचं पाणी ओंजळीने प्यायचे. पुढे गावाची सगळी घाण तिच्यात गेली, आणि त्याच पाण्याने जुलाब होऊन काकूंची चार वर्षांची लेक हातची गेली. हौद व्हावा म्हणून काकूंनी मग सगळं गाव पायाखाली घातलं. झाला, तेव्हा स्वतःच कामाला लागल्या.

आणि आता गाळ निजेना. बरणीत तसाच तरंगत राहायचा, टक्क जागा.

"रुसलाय तुमच्यावर," पंपवाला म्हणाला. "अंगाई म्हणा त्याला."

"तुझ्या जिभेला काही हाड?" काकू हसल्या. पण बरणी पुसता पुसता गुणगुणल्याच. लेकीचीच अंगाई. नाव यायच्या जागी नुसतं 'बाळा' म्हणाल्या.

गाळ बसला. पंपवाल्याचं हसू विरलं.

तेव्हापासून रोज अंगाई लागू लागली. मग एक दिवस अंगाईही पुरेना. 'बाळा' म्हटलं की गाळ बरणीत वर चढायचा, काचेला टेकायचा आणि थांबायचा. कान दिल्यासारखा. पुढची ओळ सुरू केली की पुन्हा ढवळून निघायचा.

पंपवाला आता खोलीत येत नसे. दारातूनच ओरडला, "काकू, हौद काठोकाठ आलाय हो! आता वाहणार. खाली नदीत पोरं डुंबतायत!"

 काकूंनी बरणी जवळ ओढली आणि अंगाईत लेकीचं नाव घेतलं.

गाळ झटकन खाली गेला. वरचं पाणी इतकं स्वच्छ, की बरणी अर्धी रिकामीच वाटली. काकूंनी धावत जाऊन झडप उघडली.

संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आज मी हौदावर आपल्या..." आणि अडखळल्या.

"आपल्या काय?"

"लेकीचं नाव घेतलं."

तो भिंतीवरच्या लेकीच्या फोटोकडे वळला.

"काय गं हाक मारायचो आपण तिला?"

काकूंच्या ओठांवर काहीच येईना. त्यांनी बहिणीला फोन लावून नाव विचारलं. पलीकडून बहीण 'थांब हं, आठवते' एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी काकू तोंड गच्च मिटून बरणीसमोर बसल्या. गाळ आपणहून निजला.

झडप उघडून त्या नदीकडे उतरल्या. किती वर्षांनी तळ दिसत होता. पोरं डुंबत होती. जेवायची वेळ झाली होती. काठावरच्या एका आईने हाक मारायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

"अगं, बोलव की! अशी काय बघतेस?" शेजारची हसली आणि स्वतःच्या पोराकडे वळली.

"ए..." ती म्हणाली. "ए, तू..."

पाण्यातल्या एकाही पोराने मान वर केली नाही.