चोवीस मांडण्यांचं कुलूप

पावलं वाजली तसा सुगंधाच्या जिवात जीव आला, आणि लगेच गेलाही... ती पावलं आबांची नव्हती!

काय दशा करून घेतली होती पोरीनं! उद्या शिरपूरची मंडळी बघायला येणार, म्हणून गुपचूप रडायला ती कापसाच्या खोलीत शिरली. मऊ ढिगात डोळा लागला. आबा, म्हणजे प्रकाशा गावचे पितांबर पाटील, पोर मैत्रिणीकडे असेल असं समजून दाराला कुलूप घालून बाजाराला गेले. तिला जाग आली ती सळसळीनं. कापसात नाग होता.

"कोन शे भाईर?" तिनं दाराच्या फटीतून विचारलं.

"मी बन्सीलाल, नंदुरबारना. पाटीलबाबाले मन्हा मामाना निरोप देवाना व्हता."

"आठे, आतमां... नाग शे!"

"दार तोडू? मानसं बलावू?"

"नका! नाग चवताळी. आनि परका मानूस मन्हा दारशी... गावभर बदनामी व्हई मन्ही."

कुलूप सुरतेहून आणलेलं, बिनकिल्लीचं. एक, तीन, सहा, आठ हे आकडे ठरावीक क्रमानं जुळवायचे, एवढं तिनं त्याला सांगितलं. कुठला आधी, ते आबांनाच ठाऊक.

"चार आकडा म्हंजे चोवीस मांडन्या," तो म्हणाला. "एकेक करी पाहस. तू हालू नको, फक्त बोलत ऱ्हाय."

"तुम्हले कसं समजनं, चोवीस?"

"मुंबईले गनकयंत्रवर काम करस मी. त्यानी भाषामां वर्गमूळ आयतं मिळस, लॉगरिदम आयतं मिळस..."

"आनि मांडन्या?"

"त्या नही. चार गुनिले तीन गुनिले दोन, आपलेच लिखनं पडस."

"मंग इतला मोठा यंत्रना उपेग काय?"

बाहेर तो हसला. त्या हसण्याकडे कान लावून ती तशीच उभी राहिली.

खट्... नाही. खट्... नाही. कापूस हलला, आणि काळं काहीतरी तिच्या पावलाजवळ सरकलं.

"सुगंधा शे मन्हं नाव," ती पुटपुटली. "मेले तं ध्यानमां ठेवा."

"मरू नको ना," तो घाईनं म्हणाला. "आत्ते तं नाव समजनं! ...सुगंधा, एकच मांडनी बाकी शे. आकडा बराबर सांगात ना?"

आबा सहा म्हणाले होते... की नऊ?

खट्!

दार उघडलं. उजेड पडताच नाग उंबऱ्यावरून कुंपणात गेला. सुगंधा बाहेर धडपडली ती बन्सीलालचा हात घट्ट धरूनच. आणि नेमकी आबांची गाडी अंगणात शिरली.

आता मात्र नागापेक्षा मोठं संकट समोर होतं. हात सोडावा? सोडला की उद्या शिरपूर...

"आतमां नाग व्हता, आबा," ती म्हणाली. हात तसाच. "उद्याना पाव्हनाले येऊ नका म्हनीसन सांगा. माले हाऊच नवरा पायजे."

आबांनी पोरीकडे पाहिलं, मग उघड्या कुलपाकडे.

"कितलाव्या खेपले खुलनं?" ते गुरगुरले.

"शेवटल्या खेपले, पाटीलबाबा," बन्सीलाल कसाबसा बोलला. "तेवीस चुकन्यात."

"तेवीसदाव चुकना, तरी दार सोडीसन पळना नही..." आबांचा आवाज उतरला. "शिरपूरले निरोप धाडस मी."

सुगंधानं हात सोडला, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.